जाहीर माफीचा कार्यक्रम

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत आजवर जेवढे सत्कार झाले, त्यांतले निम्मे माझ्या मामेसासऱ्यांनी घडवून आणले आणि उरलेल्या निम्म्यांत ते न बोलावता जाऊन बोलले. त्यांना स्वतःला विचाराल तर ते निम्मे नव्हे, पाऊण म्हणतील. मामा, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा, मांडवगण फराट्याला राहतात, ऊस करतात आणि उसातून वेळ मिळाला की, किंवा खरं सांगायचं तर ऊस सोडून, कुणाला तरी शाल पांघरतात. दोन दिवसांत लाईट आणली म्हणून वायरमनचा सत्कार, अडलेली म्हैस सोडवली म्हणून जनावरांच्या डॉक्टरांचा सत्कार, आणि खोटं वाटेल, पण त्याच मांडवात म्हशीचाही. लग्नानंतर मी पहिल्यांदा मांडवगणला गेले तेव्हा गाडीतून एक पाय खाली टेकवते न टेकवते तोच गळ्यात हार पडला आणि मामांनी माझ्या आजवरच्या वाटचालीचा आढावा घेतला. माझी वाटचाल तोवर दौंडच्या घरापासून दौंडच्या कॉलेजपर्यंतचीच होती, तरी मामा वीस मिनिटं बोलले. मामी म्हणतात, "ह्यांच्या हातातला माईक सुटायचा तर लाईटच जाया लागती."

दुसरं वेड वाचनाचं. मामा गावच्या वाचनालयाचे चिटणीस आहेत आणि सत्तरी ओलांडली तरी फक्त लहान मुलांची पुस्तकं वाचतात. "मोठ्यांच्या पुस्तकात निस्ती रडारड. नवरा-बायकू दोनशे पानं भांडत्यात आन् शेवटाला चहा पित्यात. त्यापरीस ससा बरा," असं त्यांचं मत आहे. पण सशालाही ते सहजासहजी सोडत नाहीत. गोष्टीत शेतीची चूक सापडली की लेखकाला कार्ड गेलंच म्हणून समजा. अशाच एका कार्डात त्यांनी लिहिलं होतं, "आपल्या गोष्टीतील शेळी भुईमुगाच्या झाडावर चढून शेंगा खाते. भुईमुगाच्या शेंगा जमिनीत लागतात. शेळीला हे ठाऊक आहे. आपल्यालाही असावे." आठव्या दिवशी उत्तर आलं, "पुढच्या आवृत्तीत शेळीला खाली उतरवतो. आपला, पिपाणीकाका."

पिपाणीकाका! टीव्हीवर तेच, मोबाईलवर तेच, शाळांच्या स्नेहसंमेलनात तेच. लाल जाकीट, गळ्यात पिपाणी. गोष्ट सांगण्याआधी ते ती वाजवत आणि मग पोरं जी किंचाळायची, की बापांनी कानात बोटं घालावीत. मामांनी ते कार्ड माझ्या दुकानातून लॅमिनेट करून नेलं. माझं दौंडला टायपिंग, झेरॉक्स आणि फ्लेक्सचं दुकान आहे, त्यामुळे मामांच्या कीर्तीचा निम्मा भार माझ्या प्रिंटरवर असतो. पुढं पत्रापत्री वाढली आणि चार वर्षांपूर्वी वाचनालयाच्या वर्धापनदिनाला साक्षात पिपाणीकाका मांडवगणात अवतरले. मी अकरा फ्लेक्स छापले. प्रत्येकावर पुढारी मोठा आणि काका बोराएवढे. स्टेजमागचा पडदा वर्षानं रंगवला होता. वर्षा गावातलीच मुलगी, शिरूरला मावशीकडे राहून चित्रकला शिकत होती. पडद्यावर शेळी होती, भुईमूग होता, आणि मामा शेजारी उभे राहून देखरेख करत असल्यामुळे शेंगा जमिनीतच होत्या.

काकांना पडदा फार आवडला. "माझ्या पुढच्या पुस्तकाची चित्रं हीच काढणार," असं त्यांनी माईकवरून जाहीर केलं. मामांना आभाळ ठेंगणं झालं. "वर्षे, मंग शिरूरपतूर काकांच्याच गाडीत जा की! वाटंत बोलणं बी व्हईल," म्हणून त्यांनी स्वतः दार उघडून तिला गाडीत बसवलं. तासाभरानं वर्षा दुधाच्या टेम्पोतून परत आली. दिवस अजून मावळायचा होता, खुर्च्या गोळा करणं चाललं होतं आणि उरलेल्या जिलबीवर आम्ही सगळे तुटून पडलो होतो. ती मामांजवळ जाऊन हळूच म्हणाली, "मामा, ते गाडीत नीट वागले न्हाईत. मी न्हावऱ्याला उतरले."

मामांना हळू बोलता येत नाही. "आगं, पोरासोरांच्या गोष्टी लिवणारा मानूस त्यो! त्याच्यावर आळ घेतीस? आन् पाव्हण्याला अर्ध्या वाटंत टाकून आलीस, गावाची काय अब्रू ऱ्हायली?" असे ते सगळ्यांसमोर कडाडले. गप्प बसणं माझ्याही जिभेला ठाऊक नाही. मी पाक चाटत म्हटलं, "अगं, पिपाणी वाजवून दाखवली असेल, त्यात काय एवढं घाबरायचं!" सगळे खो खो हसले. वर्षानं आमच्याकडं एकेकाकडं पाहिलं, आपले रंगाचे डबे उचलले आणि ती गेली. त्यानंतर वाचनालयाची पायरी तिनं चढली नाही. मामा म्हणायचे, आजकालच्या पोरींना राग फार.

आणि मग दोन-अडीच महिन्यांपूर्वी एका सकाळी मोबाईल उघडला तर पिपाणीकाकाच पिपाणीकाका. त्यांच्या पुस्तकांची चित्रं काढणाऱ्या पुण्यातल्या तीन बायकांनी तक्रार केली होती. चित्रं बघायच्या निमित्तानं बोलवायचे आणि अंगचटीला यायचे, नाही म्हटलं की काम बंद. झालं! दोन्ही तालुक्यांत एकसुद्धा माणूस असा उरला नाही ज्याला हे आधीपासून ठाऊक नव्हतं. "मला तर त्यांच्या नजरंतच दिसलं व्हतं," असं सांगणाऱ्यांची माझ्या दुकानात रांग लागली. पण ते सांगायला आले नव्हते, काकांना फोटोतून काढायला आले होते. ज्या फोटोसाठी चार वर्षांपूर्वी एकमेकांच्या पायांवर पाय दिले, त्याच फोटोतून पिपाणीकाका पुसायचे. सरपंचांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला होता. काका गेले आणि हात अधांतरी राहिला. "हाताखाली काय तरी घाला हो ताई," म्हणाले. मी झेंडूची कुंडी घातली. आता सरपंच झेंडूच्या खांद्यावर हात टाकून हसताहेत. काही जण वेगळ्या मताचे होते. "बायकांना आत्ताच कशी आठवण झाली?" असं विचारून तेही काकांना पुसूनच घेत होते. एका आईला वेगळाच घोर लागला होता. "आता हिला जेवताना मोबाईलवर काय लावू?" म्हणून ती माझ्यावरच चिडली.

मांडवगणात तर तरुण मंडळानं पुस्तकं जाळायचं ठरवलं. अडचण एकच होती, मंडळातल्या एकाच्याही घरी पुस्तक नव्हतं. म्हणून ते वाचनालयात आले. मामांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "सभासद नंबर?" पोरं म्हणाली, "मामा, जाळाया पाह्यजेत." मामा म्हणाले, "जाळा की. पर सात दिसांत परत आणायची." शेवटी मंडळानं एक जुना फ्लेक्स जाळला. त्याचा असा काही वास सुटला की निषेध अर्ध्यात सोडून सगळे पळाले.

मामा मात्र कुठल्याच बाजूला गेले नाहीत. त्यांनी पाकिटातून काकांना कार्ड पाठवलं, "बातमी खरी आहे की खोटी? एका शब्दात कळवावे." सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं दुसरं कोरं कार्ड. आठ दिवस गेले, महिना गेला. काकांनी मोबाईलवर लांबलचक निवेदन टाकलं. त्यात संस्कृती होती, बालमनं होती, कारस्थान होतं, मामांना हवा तो एक शब्द नव्हता. मामी फोनवर म्हणाल्या, "आगं, हे जेवंनात. म्हंत्यात, शेळीचं उत्तर आठ दिसांत आलं व्हतं." आणि मग त्याच आठवड्यात मामा एकदा भाकरीचा घास हातात धरून मामींना म्हणाले, "त्या पोरीनं मला त्याच दिशी सांगितलं व्हतं की गं." घास ताटात ठेवून ते उठले.

दुसऱ्या दिवशी माझ्या व्हॉट्सअॅपवर छपाईचा मजकूर येऊन पडला. "जाहीर माफी व सत्कार समारंभ. सत्कारमूर्ती: कु. वर्षा. माफी मागणार: वाचनालयाचे चिटणीस. अध्यक्ष: सरपंच. टीप: कार्यक्रमानंतर मसालेभाताची सोय केली आहे. दोनशे प्रती." मी कपाळावर हात मारून घेतला. दुकान तसंच टाकून मांडवगण गाठलं. मामा ओसरीवर भाषण लिहीत बसले होते.

"मामा, तुम्हाला वेड लागलंय का? पोरीचं नाव दोनशे कार्डांवर? उद्या तिच्या लग्नाचं बघतील तेव्हा हेच कार्ड पुढं येईल!"

मामा शांतपणे म्हणाले, "मंग माफी कशी मागू? गुपचूप? शिव्या मी चारचौघांत दिल्या व्हत्या, सूनबाई."

मुद्दा हातातून निसटला की मी आवाज चढवते. "तिला विचारलंत का, तिला काय पाहिजे ते?"

मामांचं पेन थांबलं. इतक्या सत्कारांत, तुम्हाला सत्कार हवा का, असं त्यांनी म्हशीपासून माझ्यापर्यंत कुणालाच विचारलं नव्हतं.

रविवारी मामा आणि मामी एसटीनं शिरूरला गेले. वर्षा आता तिथल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. तिकडं काय झालं ते मला मामींनी फोनवर सांगितलं. मामा दारातच उभे राहिले, म्हणाले, "पोरी, तू खरं बोलत व्हतीस आन् मी तुला खोटं पाडलं. माझं चुकलं." एवढंच. मामींनी घड्याळ लावलं असतं तरी एक मिनिटही भरलं नसतं. वर्षा फडक्यानं हातांवरचा रंग पुसत राहिली. मग तिनं त्यांना आत घेतलं. मामांनी कार्यक्रमाचं विचारलं, तर म्हणाली, "माईक नको. आणि माझ्या नावाची काळजी नका करू मामा. त्या दिवशी तिथं होते त्यांना माझं नाव माहीतच आहे. माझं खरं होतं, तेवढंच माहीत नाही. ते त्यांना जाऊन सांगा." तिथं कोण कोण होतं ते मामांना आठवेना. वर्षाला आठवत होतं. तिनं सतरा नावं सांगितली, जो जिथं उभा होता त्या क्रमानं.

पुढचे पंधरा दिवस मामा पायी, घरोघर. मला मामींच्या फोनवरून रोजची बातमी मिळायची आणि मी मजेत ऐकायची. सरपंचांना वाटलं, मामा वर्गणीला आले, म्हणून ते मागच्या दारानं मळ्यात गेले. मामा मळ्यात गेले. एकानं म्हटलं, "जाऊ द्या की मामा, जुनं झालं." मामा म्हणाले, "तिला न्हाई झालं," आणि पुढच्या घरी चालू लागले. सतरांपैकी एक, मांडव घालणारा तात्या, मधल्या काळात वारला होता. मामा त्याच्याही घरी गेले आणि हार घातलेल्या फोटोपुढं उभं राहून तेच सगळं बोलले. "त्यो खोटं ऐकून गेला बिचारा," म्हणाले. तात्याची बायको पदर तोंडाला लावून म्हणाली, "आवं, त्या रात्री जेवताना हेच मला म्हनले व्हते, पोरगी खोटं बोलत नव्हती म्हनून. पर भाईर न्हाई बोलले." मामा तिथं तासभर बसून होते म्हणे.

मामींचे फोन थांबले तेव्हा मला वाटलं, सतरा घरं संपली. परवा दुपारी मामा माझ्या दुकानात आले. काउंटरवर दोन गिऱ्हाईकं होती. मी म्हटलं, "या मामा, बसा, काय छापायचंय?"

मामा बसले नाहीत. नेहमीच्या खणखणीत आवाजात नव्हे, मला आधी ऐकूच आलं नाही इतक्या हळू म्हणाले, "त्या दिशी वर्षा खरं बोलत व्हती. मी तिला खोटं पाडलं. तू तिथं व्हतीस, म्हनून तुला सांगाया आलो."

मी हसले. "अहो मामा, मला काय सांगता! मीच तर तुम्हाला म्हटलं की तिला जाऊन विचारा."

"व्हय," मामा म्हणाले. "पर यादीत पैलं नाव तुझं हाय. माझ्या बोलण्यानं तिला राग आला म्हनली. तुझ्या बोलण्यावर मान्सं हसली तवा रडू आलं म्हनली. तुझ्याकडं यायचं मीच टाळत व्हतो, म्हनून शेवटाला आलो."

गिऱ्हाईकं आपापल्या कागदांत बघत राहिली. मी चहा सांगते म्हटलं, मामा नको म्हणाले आणि एसटी चुकेल म्हणून निघाले. एवढी मी बोलघेवडी, पण मला त्यांना स्टँडपर्यंत सोडते एवढंसुद्धा म्हणता आलं नाही. लाज वाटली. चार वर्षांत मी तो प्रसंग किमान दहा जणांना सांगितला असेल, माझ्या वाक्यासकट, हसवायला.

उद्या सकाळच्या गाडीनं शिरूरला जायचं ठरवलंय. तिथं गेल्यावर काय बोलायचं ते दोन दिवस जुळवते आहे आणि जुळत नाही. शेवटी मघाशी मामांनाच फोन लावला. भाषणाची सुरुवात कशी करावी हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे?

मामा म्हणाले, "तू काय बी बोलू नगंस, सूनबाई. जाऊन बस. ती कवा बोलंल तवा बोलंल. तवर बसून ऱ्हा."