नाचणीची भाकरी आणि देवाचं मेज

गोरे साहेब विलायतेला परत गेले आणि आमची शाळा आपल्या माणसांच्या ताब्यात आली, तेव्हा मी वर्गात पेढे वाटले होते. ते पेढे अजून घशात अडकतात.

खेड्यापाड्यांत जाणारे ख्रिस्ती प्रचारक मुळशीतल्या त्या छोट्या शाळेत तयार व्हायचे. मी त्यांना ईश्वरविज्ञान शिकवायचो. शब्दच असा जड, की नुसता उच्चारला तरी निम्मा वर्ग पेंगायचा. मग मी फळा सोडला आणि वर्ग चुलीपाशी नेला. येशूच्या अखेरच्या जेवणाची आठवण म्हणून उपासनेत मोडून वाटतात, तो प्रभुभोजनाचा पाव पुण्याहून एस.टी.नं यायचा आणि पावसाळ्यात त्याला हमखास बुरशी धरायची. मुठा खोऱ्यात कुणाच्या घरी पाव खात होते? मी नाचणी दळायला लावली, भाकरी थापायला लावली आणि विचारलं, देव तुमच्या घरी जेवायला बसला तर काय मोडून देईल? आमच्या मराठी शास्त्रातही, म्हणजे बायबलात, पावाच्या जागी भाकरच छापलेली होती. शाळा चालवणाऱ्या म्हाताऱ्या गोऱ्या साहेबानं विलायतेला जाण्याआधी ती भाकरी प्रभुभोजनाच्या मेजावर ठेवू दिली होती, हे मुद्दाम सांगतो.

वर्गात एकच बाई होती, मुठ्याकडची विधवा. ख्रिस्ती झाल्यापासून तिचं सासर-माहेर दोन्ही तुटलेलं. प्रचारिकेची नेमणूक मिळाली तरच तिला थारा होता. जात्यावर बसून ती क्षमेचा धडा सांगायची, तेव्हा आसपासच्या बायका कामं टाकून ऐकत बसायच्या.

शाळा ताब्यात घेतलेली आपल्या माणसांची नवी कमिटी तोंडी परीक्षेला आली. कोट, टाय, चकचकीत बूट. प्रभुभोजन समजावून सांगा, म्हणाले. तिनं फडक्यातली भाकरी काढली, मोडली आणि अध्यक्षांपुढं धरली.

"हे काय आणलंत?" त्यांनी हात मागे घेतला.

"भाकरी हाय. आमी ह्येच खातो."

"मेजाची काही प्रतिष्ठा असते, बाई! साहेब गेले आणि यांनी देवाला खेडवळ केलं, असं म्हणतील लोक."

मी भांडलो, अगदी घसा बसेपर्यंत. "गुरुजी, भावनेच्या भरात जाऊ नका," एवढंच उत्तर मिळालं. तिला नापास केलं.

मग पंगत बसली. त्या दिवशी रांधायची पाळी तिचीच होती. पिठलं, ठेचा आणि नाचणीची तीच भाकरी. कमिटी बोटं चाटून जेवली. अध्यक्षांनी आणखी एक भाकरी मागितली आणि खुशीत जाहीर केलं, "बाईंना असं वाऱ्यावर सोडायचं नाही. वसतिगृहात स्वयंपाकाला ठेवून घेऊ." बाकीच्यांनी माना डोलावल्या. उपकार केल्याचं ते समाधान आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

ती वाढता वाढता थांबली.

"देवाच्या मेजावर माझी भाकरी चालत न्हाई, आन् तुमच्या ताटात लई चालतीया व्हय?"

टोपली खाली ठेवून ती बाहेर पडली. "गुरुजी, समजवा जरा तिला," अध्यक्ष म्हणाले. मी फाटकापर्यंत धावलो, तोवर ती पार वळणापलीकडे गेली होती. पुढं तिचा पत्ता लागला नाही.

त्या रविवारी मेजावर पुण्याचा पाव आला. एका बाजूनं हिरवा पडलेला. अध्यक्षांनी डोळे मिटून तो मोडला.