पोटातल्या गुडगुडीचा इंग्रजी शब्द

आमचे दाजी, म्हणजे माझ्या ताईचा नवरा, पँटी शिवतात. त्यांच्याच दुकानात मी काजं-बटणं करतो. दाजींचा हात सुरेख, पण पायाला भिंगरी. मशीनवर बसले की लगेच उठतात, दारात जातात, तिथून कपाटाकडे. या येरझाऱ्यांतच त्यांना इंग्रजीतले अवघड शब्द पाठ करायचा नाद लागला. रोज एक नवा शब्द खडूने कापडाच्या उलट्या बाजूला लिहायचा आणि पँट शिवून होईपर्यंत पुटपुटायचा. एका हेडमास्तरांच्या पँटवरचा 'लुगुब्रियस' झटकायचा राहूनच गेला. अर्थ, रडवेला, सुतकी चेहऱ्याचा. मास्तर पुन्हा दुकानात फिरकले नाहीत.

"अहो, जरा सोपे शब्द शिका की!" मी म्हणायचो.

"सोपे काय शिकायचे? ते आपसूक येतात तोंडात."

हा सगळा खटाटोप नातीसाठी. भाची, म्हणजे दाजींची लेक, परदेशात असते आणि तिच्या मुलीला मराठीतलं ओ की ठो कळत नाही. फोनवर पोरगी 'हॅलो' म्हणून पळ काढायची. आता ती पहिल्यांदाच राहायला येणार होती. तिने आपल्याशी चार शब्द बोलावेत, एवढंच दाजींना हवं होतं. त्यापायी त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

ती आली. भाची तिला घरी ठेवून कामाला बाहेर पडली. पोरगी सोफ्याच्या कोपऱ्यात गप्प बसलेली आणि दाजींच्या तिच्यासमोर फेऱ्यांवर फेऱ्या. बघून मलाच गरगरायला लागलं. तेवढ्यात तिच्या पोटात गुडगुड झाली. दाजी थबकले, त्यांचा चेहरा उजळला. या गुडगुडीला इंग्रजीत खास शब्द आहे आणि तो त्यांना पाठ होता!

"बॉर्बोरिग्मस!" तिच्या पोटाकडे बोट करून ते ओरडले.

पोरीने भोकाडच पसरलं. दाजी घाबरून ठेवणीतले एकेक शब्द बाहेर काढू लागले, तसा तिचा सूर आणखी चढला. भूक लागली का, हे इंग्रजीत कसं विचारतात ते काही केल्या त्यांना आठवेना. मला असा राग आला!

"दाजी, बास करा आता!"

ताई आतून आली. तिचा इंग्रजीशी काडीचा संबंध नाही. तिने पोरीला उचललं आणि स्वयंपाकघरात नेलं. रडणं थांबलं. दाजी दाराशी घुटमळत राहिले.

"काय बोललीस गं तिच्याशी?"

"बोलायचंय काय त्यात? केळं दिलं सोलून. भुकेली होती बिचारी."

खाऊन पोरगी पेंगुळली. ताईला स्वयंपाक उरकायचा होता, म्हणून तिने पोरीला दाजींच्या मांडीवर दिलं. पायाला मुंग्या आल्या तरी दाजी जागचे हलले नाहीत. मला वाईट वाटलं, मघाशी उगाच ओरडलो.

ती जागी झाली. डोळे चोळून तिने दाजींकडे नीट पाहिलं. दाजींनी श्वास रोखून धरला.

"आजी कुठेय?" तिने इंग्रजीत विचारलं.

दाजींना शब्दन् शब्द कळला. त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं आणि ती मांडीवरून उतरून पळाली.