बाग दुपारी बंद राहील

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — एकदा तोंडापर्यंत आलं होतं, गिळलं. तुम्हाला तरी का सांगते आहे? माहीत नाही.

वारज्यात कॉम्प्युटरवाल्यांच्या इमारती भराभर उठत होत्या तेव्हाची गोष्ट. आमच्या समोरचा प्लॉट कागदावर बागेसाठी राखीव, प्रत्यक्षात बिल्डरच्या वाळूसाठी. महापालिकेत चपला झिजवून मी तिथं बाग करून घेतली. जुने शिरीष वाचवले, हिरवळ आली, माझा सत्कारही झाला. सत्कार! — शाल अजून कपाटात आहे.

बाग तेव्हा दिवसभर उघडी असे. दुपारी धुण्याभांड्याच्या बायका, बांधकामावरच्या बायका सावलीत डबा खायच्या आणि पदर पसरून आडव्या व्हायच्या. घाण करत नव्हत्या, गोंगाट करत नव्हत्या. मग माझ्या पोटात का दुखावं? आयत्या बिळावर नागोबा — गॅलरीतून बघताना मनात हेच यायचं. बाग सर्वांची म्हणत मी भांडले होते, पण माझ्या सर्वांमध्ये ह्या नव्हत्या.

बागेच्या समितीत मी म्हणाले, हिरवळीला पाणी द्यायचं तर दुपारी बाग बंद ठेवायला हवी. भर उन्हात पाणी कोण घालतं? कोणीही विचारलं नाही. फाटकाला कुलूप लागलं.

आमच्याकडे रंजना पोळ्या करायची. यवतमाळकडची, नवरा गवंडी. लग्नानंतर फार वर्षांनी तिला दिवस गेले होते. खोली लांब, म्हणून सकाळची कामं उरकली की संध्याकाळच्या कामांपर्यंत ती त्या शिरीषांखालीच पडायची. कुलूप बघून तिनं मला विचारलं, "बगिचा दुपारचा काऊन बंद केला जी, ताई?"

"महापालिकेचा नियम आहे गं," मी म्हणाले.

माझ्या हॉलमध्ये पंखा होता. इथंच पड जरा, असं म्हणायला सुचलं नाही का? — सुचलं होतं.

मे महिन्यात एका दुपारी बागेच्या भिंतीबाहेर, फुटपाथवर, तिला चक्कर आली. पडली ती फुटपाथच्या दगडी कडेवर, पोटावर. मूल गेलं.

काही आठवड्यांनी ती कामावर परत आली. तिला दारात बघून मला रडू फुटलं — भीतीनं, दुसरं कशानं? ती माझ्याजवळ बसली. पाठीवरून हात फिरवत राहिली. "रडू नका जी, ताई. नियम काय तुम्ही केला?"

मी तिला माझी समजूत काढू दिली. मग डोळे पुसले आणि कणीक काढून दिली.

कुलूप काढायला समितीत माझं एक वाक्य पुरलं असतं. पण का काढायचं, असं कोणी विचारलं असतं तर? मी कुलूप राहू दिलं. तेव्हाही, नंतरही. रंजना पुढं गावी गेली. तिला पुन्हा मूल झालं का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

शिरीष आता चांगलेच पसरलेत. दुपारी खाली गार सावली असते आणि तिच्यात कोणी नसतं.