आबांच्या मुरमातल्या बोरी

पाऊस किती झाला आणि कुणी काय पेरलं, एवढंच लिहायचं ठरवून मी डायरी सुरू केली होती. पण शेजारी भिवाजी आबा असल्यावर पावसाला जागा उरते कुठं? त्यांच्या नुसत्या बोरींनीच माझी एक अख्खी वही खाल्ली!

आबांनी मेंढरं विकून निरवांगीच्या माळावर दोन एकर मुरूम घेतला. पहार मारली की ठिणगी उडायची. तिथं त्यांनी बोरी लावायचं काढलं. थोरला मुलगा दत्तू म्हणाला, "दोन वर्सं बघतो. न्हाय जमलं तर मुरूमवाल्याला दिऊन टाकू. त्येला रस्त्याच्या कामाला पायजेच हाय."

त्या रानाशिवाय आबांकडे दुसरं काही नव्हतं.

*

पाणी कमी. म्हणून प्रत्येक रोपाशेजारी मडकं पुरायचं, बुडाला भोक पाडून त्यात चिंधीची वात घालायची. पाणी थेंबथेंब मुळाशी जातं. आबांनी भिगवणहून मडकी आणली, एकेक वाजवून! पण भोक पाडायला हात धजेना. "मडक्याला भोक मसणात पाडत्यात," म्हणाले आणि तशीच पुरली.

आठवड्यानं बघतो तर रोपांनी माना टाकलेल्या आणि मडकी जवळजवळ भरलेली!

त्यांच्या मंडळी पारूबाई खिळा घेऊन बसल्या. "झाडाला पाणी पाजायचंय का गार करून ठिवायचंय?"

वाती आबांच्या धोतराच्या झाल्या.

*

शेतीखात्याच्या साहेबांनी मातीचा नमुना मागितला. आबांनी पिशवी भरून दिली. रिपोर्ट आला, 'जमीन उत्तम. ऊस घ्यावा.'

मी विचारलं, "आबा, माती कुठली दिली?"

"तुमच्या रानातली. सायबाच्या हातात दगडं दिऊ व्हय? माणूस दारात आला की चांगलं तेच द्यायचं!"

रिपोर्ट मी जपून ठेवला. माती माझीच होती.

*

खतासाठी रानात मेंढरं बसवायचं ठरलं. पारूबाईंच्या भावाचा कळप आला. मेंढरांनी लेंड्या भरपूर टाकल्या आणि निम्म्या बोरींचे शेंडे खाल्ले.

आबा म्हणाले, "मजुरी जाग्यावरच वसूल केली की!"

भाऊ पारूबाईंचा, त्यामुळं घरात यावर पुढं कुणी बोललं नाही.

*

दोन वर्षं सरली. सायकलला कॅन बांधून पाणी आणायचा दत्तू, गावठी बोरींवर चांगल्या जातीचे डोळे भरून कलमं केली तीही दत्तूनंच. पण बोर अजून एकही लागलं नव्हतं, म्हणून बोलल्याप्रमाणं त्यानंच मुरूमवाल्याला बोलावलं. आबा त्या दिवशी रानाकडं फिरकलेच नाहीत. मला म्हणाले, "तुमी जावा. मला काय बघवायचं न्हाय."

मुरूमवाला कंत्राटदार ट्रॅक्टर आणि चार माणसं घेऊन आला. "हितनं धरू का सुरुवात?"

दत्तू म्हणाला, "हितनं नगं. हिचा डोळा गेल्या महिन्यात भरलाय."

"मग ही?"

"हिला कळी लागलीया."

"बरं, ती पलीकडची?"

"ती जरा नाजूक हाय."

असं करत सगळे बांधापर्यंत आले. कंत्राटदार वैतागला. "अहो, मग खणायचं तरी कुठं?"

दत्तूनं बांधाकडेला पायानं दोन गोल ओढले. "हितं. दोन रोपं लावायची राह्यल्यात. पहार मारायला माणूस मिळंना आमाला."

कंत्राटदारानं टोपी काढली, घाम पुसला, त्या दोन गोलांकडं बघितलं, मग आपल्या माणसांकडं.

"किती खोल?"