डोंगराला नाव कळू नये

माझ्या भाऊजींइतका संशयी माणूस अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांमध्ये दुसरा नसेल. रेडमंडच्या एका कंपनीत कॉम्प्युटरची सुरक्षा सांभाळता सांभाळता कुलूप हा त्यांचा स्वभावच होऊन बसला होता. घरच्या वाय-फायचा पासवर्ड दर संकष्टीला बदलायचा. मी फोन केला तरी आधी उलटतपासणी. "तूच कशावरून? आईच्या डाव्या हातावर काय गोंदलंय?" "तुळस, भाऊजी." "हां, बोल." माझी बहीण आतून ओरडायची, "अहो, पुरे! ठमीच आहे ती." ठमी हे माझं नाव ताईशिवाय कोणी घेत नसे.

ताई गेली आणि भाऊजींनी डोंगर चढायला सुरुवात केली. तेही फक्त हिवाळ्यात. "उन्हाळ्यात गर्दी असते, काही ऐकू येत नाही," म्हणायचे. सोबत एक काळं, लठ्ठ कुत्रं. गोठलेल्या चढावर ते पुढे, मागे भाऊजी, त्यांच्यामागे बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधलेली मी. कुत्रं बसलं की सगळ्यांनी थांबायचं. "तो टीम लीड आहे. त्याला प्रश्न विचारायचे नाहीत." एकदा त्याला नुसती खाज सुटली होती, तरी आम्ही वीस मिनिटं कुडकुडत आदराने उभे राहिलो.

पण मुख्य नियम नावांचा. डोंगराला खरं नाव कळू द्यायचं नाही. ते कळलं की तो हाक मारतो, असं त्यांचं ठाम मत. पार्किंगमध्येच दर वेळी नवी नावं वाटली जायची. "आज तू दोडका, मी सुरण." "आणि कुत्रा?" "त्याला नाव ठेवलंच नाही. सगळ्यात सेफ तोच." वाटेत एका गोऱ्या आजोबांनी नाव विचारलं, तर भाऊजींनी गंभीरपणे "सुरण" म्हणून हात मिळवला.

गेल्या जानेवारीत नेहमीच्या वाटेवर धुकं उतरलं. डावीकडे सरळ कडा होता. बर्फामुळे त्याची कडही दिसत नव्हती. तिकडून, अगदी जवळून, कोणीतरी म्हणालं, "ठमे."

स्वयंपाकघरातून यावी तशी, जराशी वैतागलेली हाक. मी "आले" म्हणून पाऊल वळवलंसुद्धा. तेवढ्यात कुत्रं माझ्या बुटावर येऊन बसलं.

"कोणाला 'आले' म्हणालीस?" भाऊजी मागे वळले होते. मी सांगितलं. वाटलं, आता रागावतील. ते बर्फातच खाली बसले.

"तिचाच आवाज?"

"हो."

"चिडलेली होती?"

"थोडीशी."

त्यांनी कुत्र्याच्या पाठीवरचा बर्फ झटकला. मग म्हणाले, "नियम तुझ्यासाठी होता गं. मी तीन हिवाळे कान देऊन आहे. पण तिने मला कधी नावाने हाक मारलीच नाही. सगळ्या जन्मात 'अहो'! आता या डोंगराने 'अहो' म्हणायचं तरी कोणाला?"

मला हसू फुटलं. तेही हसले. धुक्यातून ते हसणं थोड्या वेळाने परत आलं. त्यात आवाज तीन होते.

उतरताना मी त्यांना विनवलं, "भाऊजी, एकटे येऊ नका इथे. शपथ घ्या." ते कुत्र्याचा पट्टा नीट करत राहिले. शपथ काही त्यांनी घेतली नाही.

मार्चमध्ये ते एकटे गेले. कुत्रं गाडीशेजारी बसलेलं सापडलं. भाऊजींना कड्याखालून वर आणणाऱ्या पथकातली एक मुलगी मला भेटायला आली होती. घसरल्याची खूण नव्हती, असं ती चाचरत म्हणाली. खिळ्यांचे ठसे स्वच्छ होते, सावकाश डावीकडे वळलेले. वळणावर दोन्ही पावलं शेजारी शेजारी होती, आणि त्यांच्याखालचा बर्फ बुटांच्या उबेने वितळून पुन्हा काचेसारखा गोठला होता.

म्हणजे ते तिथे बराच वेळ उभे होते. तेवढ्या वेळात त्या दोघांचं बोलणं झालं असेल, असं मी धरून चालते.