चार लाख ऐंशी हजारांचे स्विच

हा किस्सा मी स्वतःच सांगितलेला बरा. कारण सुलभाआत्या सांगते तेव्हा ती मध्येमध्ये माझा आवाज काढते, आणि तो फार हुबेहूब येतो.

आधी माझी थोडी लायकी सांगतो. मी कोलशेतच्या एका कंपनीत क्वालिटी तपासनीस आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. राहतो डोंबिवलीला, मानपाडा रोडला. आणि घरचा हिशेब ठेवतो साध्या टेक्स्ट फाईलमध्ये. एक्सेल नाही, ॲप नाही. कोरी फाईल, तिच्यात ओळी. प्रत्येक ओळीत पैसा कुठून निघाला आणि कुठे पोचला एवढंच. मग एक प्रोग्रॅम त्या ओळी वाचून बेरजा करतो. हे सगळं मी लोकांना, त्यांनी न विचारताही, समजावतो. ऑफिसात त्यामुळे माझ्या शेजारची खुर्ची जेवणाच्या सुट्टीत मोकळी असते.

आता बँकेचं स्टेटमेंट आणलं की त्यातल्या शेकडो नोंदी हाताने कोण लावत बसणार? म्हणून मी नियम लिहून ठेवलेत. वर्णनात 'मेडिकल' दिसलं, टाक औषधांत. 'पेट्रोल' दिसलं, टाक स्कूटरमध्ये. दोन वर्षांपूर्वी आमच्या घराच्या वायरिंगचं काम काढलेलं, तेव्हा एक नियम लिहिलेला: 'स्विच' दिसलं, टाक वीज-सामानाच्या खर्चात. उत्तम चालला. माझ्या घरी.

आत्या कल्याणला पारनाक्याजवळ एकटी राहते. शाळेत मराठी शिकवायची, आता रिटायर. पेन्शन आहे, आणि प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम म्युच्युअल फंडात ठेवलेली. एकदा सहज म्हणाली, "संजू, माझं पण जरा बघ रे, कुठे काय आहे ते." सहज म्हणाली हो! पण मी वाटच बघत होतो. तिच्या फंडाचं स्टेटमेंट उतरवलं, माझेच नियम तिला लावले आणि बटण दाबलं.

गोल चित्र आलं. त्यातला जवळजवळ सगळा गोल लाल. लाल म्हणजे वीज-सामान. रक्कम चार लाख ऐंशी हजार.

मी बायकोला हाक मारली. वैशाली आली, बघितलं, म्हणाली, "काहीतरी चुकलंय तुझं."

"प्रोग्रॅम चुकत नाही."

"प्रोग्रॅमचं म्हणतच नाहीये मी," ती बोलली आणि गेली. तिथे थांबायला हवं होतं. नाही थांबलो. आत्याला फोन लावला. वयस्कर बाई, घाबरायला नको, म्हणून आडून विचारलं.

"आत्या, यंदा स्विचचं काही केलंस का गं?"

"केलं ना! दोनदा केलं. तुला कसं कळलं?"

"दोनदा?"

"आधी थोडं करून बघितलं. बरं वाटलं. मग उरलेलं सगळं."

"अगं पण गरज काय होती?"

"अरे, फार वर-खाली व्हायचं. बघितलं की धडधडायचं मला. या वयात झेपत नाही ते. आता कसं शांत चाललंय!"

व्होल्टेज! मला दुसरं काय सुचणार, सांगा?

"कोणाला विचारून केलंस?"

"विचारायचं कोणाला? म्हात्रे आलेले, वायरिंग करायला. ते पण म्हणाले, बाई, करून टाका. फार चांगला माणूस. घराची चावी पण देऊन ठेवलीय त्यांच्याकडे."

चावी! माझ्या अंगातून वीज गेली. एकटी बाई, गोड बोलणारा वायरमन, वर-खाली होणाऱ्या व्होल्टेजची भीती, आणि दोन हप्त्यांत चार लाख ऐंशी हजार. सगळं जुळत होतं. मी शांतपणे म्हणालो, "रविवारी येतो. म्हात्रेंना पण बोलावून ठेव. मला जरा काम आहे." आणि फोन ठेवून पोलिसांना द्यायचा अर्ज लिहायला घेतला. विषय : जेष्ठ नागरिकाची स्विचच्या नावाखाली झालेली फसवणूक. दोन पानं झाली. शेवटी 'आपला विश्वासू'ऐवजी 'एक जागरूक पुतण्या' असं लिहिलं. तेव्हा ते मला भारदस्त वाटलेलं.

रविवारी शेअर रिक्षाने कल्याणला गेलो. खिशात अर्ज, पिशवीत त्या लाल गोलाची प्रिंट. म्हात्रे आधीच येऊन बसलेले. पन्नाशीचा माणूस, पांढरा शर्ट, हातात चहाचा कप. आत्याने साबुदाणा वडे केलेले. मी वड्याला हात लावला नाही. आरोपीसमोर खायचं नसतं.

"म्हात्रे, किती स्विच बसवलेत तुम्ही इथे?"

"अठरा. आन् दोन पंख्यांचे रेग्युलेटर."

"पैसे किती घेतलेत?"

"सामान, मजुरी धरून अकरा हजार चारशे. बिल हाय ना बाईंकडं."

मी मोबाइलवर वजाबाकी केली. "मग वरचे चार लाख अडुसष्ट हजार सहाशे?"

मी प्रिंट टेबलावर ठेवली. म्हात्रेंनी कप खाली ठेवला. चेहरा उतरला त्यांचा. ते माझ्याकडे बघतच नव्हते, आत्याकडे बघत होते.

"बाई, मना यासाठी बोलावलाव?"

"नाही हो! मला काहीच माहीत नाही. संजू, कसले चार लाख? काय बोलतोयस तू?"

उत्तर म्हणून मी अर्ज काढून तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावला. वाचला. मग ड्रॉवरमधून लाल पेन काढलं.

"'जेष्ठ' नाही रे. 'ज्येष्ठ'. जोडाक्षर आहे. शीर्षकातच चूक. आणि 'पुतण्या' काय? मी तुझी आत्या ना? बाईच्या भावाचा मुलगा म्हणजे भाचा नाही का रे, मग माझा पुतण्या कसा झालास? ज्याला आपलं नातं लावता येत नाही, तो माझे पैसे कुठे लावणार?"

तोवर म्हात्रे प्रिंट निरखत होते. म्हणाले, "दादा, ह्ये तुमचं चित्र राहू द्या. मूळचं स्टेटमेंट दाखवा."

मी मोबाइल दिला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, बोटाने पान वर सरकवत दोन मिनिटं वाचलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"ह्ये बघा. काय लिवलंय? 'स्विच आउट'. म्हंजे शेअरवाल्या फंडातून पैसं काढून त्याच कंपनीच्या दुसऱ्या फंडात टाकलं. बाजार वर-खाली व्हायचा, बाईंना धास्ती वाटायची, तवा मीच बोल्लो, बाई, थोडं-थोडं करत शांत फंडात वळवा. दुसऱ्या फंडाची फाईल उतरवली का तुमी?"

नव्हती उतरवली. एकाच फंडाची उतरवलेली. पैसे तिथून निघालेले दिसत होते, पोचलेले दिसत नव्हते. आणि ते कुठे पोचले हे माझ्या नियमाने स्वतःच ठरवून टाकलेलं.

"पण तुम्हाला हे कसं ठाऊक?" मी विचारलं. हा प्रश्न विचारायला नको होता, हे तोंडातून गेल्यावर कळलं.

"आमची जमीन रस्त्यात गेली, तवा पैसं आलं. भावकीनं गाड्या घेतल्या. मी फंड घेतलं," म्हात्रे म्हणाले. "नऊ वर्सं झाली."

मी माफी मागितली. उभा राहून, नीट. आत्या आत गेली आणि म्हात्रेंसाठी गरम वडे घेऊन आली. मग म्हणाली, "याला नका देऊ. हा कामावर आलाय." आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. म्हात्रे पण हसले. मी एकटाच उभा.

निघताना म्हात्रेंनी दाराशी थांबवलं. "दादा, व्हिजिटचे दोनशे रुपये द्या."

"व्हिजिट? अहो, लाईटचं काही काम तर झालंच नाही!"

"झालं की," ते चपला घालत म्हणाले. "तुमची ट्यूब पेटवली ना."

मी मुकाट्याने दिले. वर त्यांनी पावतीही फाडून दिली, आणि कामाच्या रकान्यात लिहिलं होतं : 'जुनी ट्यूब. उशिरा पेटते. बदलायला झाली आहे.'