पाळण्यासमोरचा सायलेन्सर

आमच्या घरात त्या दिवसांत एकच भांडण चालू होतं. गाडीला बाहेरचा, दणदणीत आवाजाचा सायलेन्सर घालायचा की नाही? भांडण माझं आणि बायकोचं, आणि निवाडा शेवटी येऊन पडला चार महिन्यांच्या नातीवर.

आधी गाडीचं सांगतो. मी उभी हयात टिपर चालवला. डिचोलीच्या खाणींवर खनिज भरायचं आणि नदीवरच्या धक्क्यावर नेऊन ओतायचं. खाणी बंद पडल्यावर काही वर्षं मोपाच्या विमानतळावर प्रवाशांची बस चालवली, आणि निवृत्त झालो तशी हौसेने लांब पल्ल्याची मोटारसायकल घेतली. दोन्ही बाजूंना पेट्या, पुढे काच, दिवसभर बसलं तरी कंबर दुखत नाही. धारगळहून हायवेला लागलो की आंबोलीचा घाट काय आणि चोर्ल्याचा काय, सगळं सारखंच. गाडी झकास! पण आवाज? अरे देवा! आवाज शिलाई मशीनचा. चालू आहे की बंद, हे मला मीटरवर बघून कळायचं. टिपरवर जन्म काढलेल्या माणसाला ही गाडी म्हणजे मिठाशिवाय माशाचं हुमण.

टिपरच्या काळातला माझा एक दोस्त डिचोलीला असतो. त्याच्याकडे हीच गाडी, पण कंपनीचा सायलेन्सर काढून बाहेरचा घातलेला. तो आमच्या वळणावर आला की घरात बसून कळतं. आवाज असा की थेट पोटात जाऊन बसतो. त्याला आता आणखी भारीतला घ्यायचा होता, म्हणून जुना मला द्यायला तयार होता. पोलिसांचं काय, असं विचारलं तर म्हणाला, "अरे, धरतील तेव्हा धरतील. तोवर मजा कर ना!" असला तो माणूस. पण पोलिसांना मी भीत नव्हतो. जेवायला वाढणारी वेगळी होती, भीती तिची होती.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणे आमच्याकडे आलेली. पोर इथेच जन्मली, इथेच बारसं झालं, आणि आता महिन्याभरात मायलेकींना सासरी फोंड्याला पाठवायचं होतं. "लोकांचा चेडू आसा, धडधाकट नेऊन त्यांच्या वटयेत घालूचा आसा," हे बायको नातीबद्दल दिवसातून दहादा म्हणायची. पाळणा आमच्या बलकांवात, म्हणजे पुढच्या बसायच्या ओट्यावर, आढ्याला टांगलेला. गाडी उभी त्याच्या समोर अंगणात. पाळण्याला जरा जोरात झोका दिला तर गाडीच्या आरशाला लागेल, इतकी जवळ.

"तुमका खूळ लागला काय? घरात तान्हां चेडू निजता, आणि तुमका फटफटी वाजवूची आसा? ता उठला तर तुमका गाडयेसकट भायर घालतलंय!"

पण माझ्याकडे हुकमाचा एक्का होता. पोर एकदा निजली की कशानेही उठत नसे. सकाळी पोदेर पाव घेऊन यायचा, फाटकात सायकलचा भोंपा वाजवायचा, आमचा कुत्रा भुंकत त्याच्यावर धावून जायचा, पोर ढिम्म. गणपतीच्या चवथीला घरात मातीची घुमटं बडवून आरत्या झाल्या, दारात फटाक्यांची माळ लागली, पोर तोंड उघडं टाकून निजलेली. मात्र हे तोंडाने बोलायची सोय नव्हती. मी एकदा बोलून गेलो, "काय गुणी पोर आहे, कशाने म्हणून जागी होत नाही!" बायको अंगावरच आली. "गप ऱ्हवा! दिष्ट लागतली चेडवाक!" लगेच मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्यानंतर घरात, शेजारात, विहीणबाईंसमोरसुद्धा कोणी तो विषय काढला नाही. माहीत सगळ्यांना, बोलत कोणीच नाही.

शेवटी वैतागून मी म्हणालो, "तू एकदा आवाज ऐक, मग काय ते बोल."

"हाडा," ती म्हणाली, म्हणजे आणा ती गाडी. "चेडू नाय उठला तर घाला खुशाल. उठला तर परत सायलेन्सराचा नाव काढूचा नाय."

ठरलं. रविवारी सकाळी डिचोलीला गेलो, माझी गाडी दोस्ताच्या दारात लावली आणि त्याची घेऊन आलो. काय सांगू, वाटेत मी दहा वर्षांनी लहान झालो होतो. माणसं वळून बघत होती. फाटकातून आत आलो तेव्हा बायको हातात डाव घेऊन दारात उभी, मुलगी जनेलात, म्हणजे खिडकीत, आणि पाळण्यात पोर नुकतीच दूध पिऊन निजलेली. गाडी मी मुद्दाम पाळण्याच्या अगदी समोर आणली आणि रेसची मूठ पिळली.

कोंबड्या पेरूच्या झाडावर चढल्या. कुत्रा कुंपण ओलांडून शेजाऱ्यांच्या परसात पळाला. जनेलाच्या काचा थरथरल्या, शेजारीण "काय पडला गे?" करत धावत आली. पोर मात्र निजलेली. खालचा ओठ जरा लोंबता, मूठ गालापाशी. पापणी हलली नाही की भुवई हलली नाही.

मी जिंकलो होतो! "बघ! बघितलंस?" मी गाडीवरूनच ओरडलो आणि आणखी एकदा मूठ पिळली. शेजारीण कानांवर हात ठेवून हसत होती. बायकोलाही हसू आवरेना. "आजयाची नात शोभता," म्हणाली, आणि लगेच जीभ चावून मीठ-मिरच्या आणायला आत पळाली, कारण आता शेजारणीने सगळं डोळ्यांनी बघितलं होतं.

मुलगी हसली नाही. ती बाहेर येऊन पाळण्यापाशी उभी राहिली. म्हणाली, "बाबा, परत एकदा."

मला वाटलं, तिलाही आवडला आवाज. मी पिळली.

"परत एकदा."

या वेळी मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती गाडीकडे बघतच नव्हती. पोरीच्या मिटल्या डोळ्यांवर तिची नजर खिळली होती, आणि तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता. मी मूठ सोडून दिली. तिने पोरीच्या कानाशी टाळी वाजवली. मग दुसऱ्या कानाशी. बायको मीठ घेऊन बाहेर आली तर तिच्या हातातलं ताट मुलीने ओढून घेतलं, मीठ जमिनीवर सांडलं, आणि तिथेच पडलेल्या डावाने तिने ताट बडवलं. पाळण्याच्या कडेवर वाकून बडवलं. काही नाही. शेवटी तिच्या डोळ्यांतलं पाणी पोरीच्या गालावर पडलं, तेव्हा पोर जागी झाली. आईला बघितलं आणि गोड हसली.

आयुष्यात मी खूप बघितलं आहे. धक्क्यावर टिपर उलटताना बघितला, माणसं चिरडली जाताना बघितली. पण त्या हसण्यासारखं काही बघितलं नव्हतं. गाडी बंद करायचंसुद्धा मला सुचलं नाही. ती धडधडत होती आणि आम्ही तिघं पुतळ्यासारखी. शेवटी शेजारणीने येऊन किल्ली फिरवली.

त्या संध्याकाळी मला राहून राहून बारसं आठवत होतं. पाळण्याभोवती बायका जमलेल्या, आत्येने पोरीच्या कानाशी तोंड नेऊन "कुर्र" केलं आणि नाव सांगितलं, सगळ्यांनी आत्येच्या पाठीत धपाटे घातले, हशा पिकला. आणि जिचं नाव ती? तिला ठेवलेलं नाव अजून तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं! चार महिने आम्ही तिच्याशी बोलत होतो, गात होतो, आणि ती आमची तोंडं हलताना बघून हसत होती. दिष्ट लागू नये म्हणून आम्ही सगळे गप्प बसलो आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही की हे मूल इतकं निजतं कसं. मला असा संताप आला की कोणाच्या तरी कानफटात मारावी. पण कोणाच्या?

मी दोस्ताला फोन करायला उठलो, गाडी परत न्यायची म्हणून. मुलीला वाटलं, सौदा पक्का करतोय. पोरीला मांडीवर थोपटता थोपटता ती म्हणाली, "घाला ना बाबा, घाला आता. तिला कसला त्रास?" आणि मग तोंडात पदर कोंबून अशी रडली की मला तिथे थांबवेना. मी अंगणात जाऊन उभा राहिलो, तर समोर तीच गाडी.

पणजीकडच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तपासणीसाठी मूल निजलेलं लागतं. डोक्याला तारा लावतात आणि कानात आवाज सोडतात. तिथली बाई म्हणाली, "मुलं इथे निजता निजत नाहीत, तुमची किती शहाणी!" बायको भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. दोन्ही कानांना फारच कमी येतं, पण अगदीच काही येत नाही असं नाही. मशीन लावून बघू, पुढे लागलंच तर ऑपरेशन. लवकर आणलंत हे बरं केलंत, म्हणाल्या. तुमच्या लक्षात कसं आलं?

"सायलेन्सर," मी म्हणालो. 

फोंड्याला पाठवणं लांबणीवर पडलं. व्याही मोठ्या मनाचे, म्हणाले, तिथेच सगळं होऊ दे. दोस्ताची गाडी परत गेली. सायलेन्सरचं काय करायचं, हे त्याने एकदाच विचारलं, आणि मी त्याच्या गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली तेव्हा परत विचारलं नाही. माझी गाडी मी ताडपत्रीखाली झाकून ठेवली. रविवारी गाड्या घेऊन फिरणारी मंडळी बोलवायची, मी जात नव्हतो. गाडी दिसली की तो दिवस आठवायचा, आणि त्या दिवशी मी किती खूश होतो, ते जास्तच आठवायचं.

मशीन आलं. दोन्ही कानांमागे इवलाली गुलाबी मशीन. लगेच काही दिसणार नाही, धीर धरा, असं सांगून पाठवलं होतं. पण धीर कोणाला? आम्ही घंटी वाजवली, खुळखुळा वाजवला, बायको दिवसभर गाणी म्हणायची. पोर बघायची, हसायची, पण मान वळवायची नाही. एक दिवस गेला, आठवडा गेला, मग आणखी गेले. बायको तर स्वयंपाकघरातसुद्धा भांडी आपटून बघायची आणि पटकन बाहेर डोकवायची. मुलीने मात्र बघणंच सोडून दिलं होतं. मशीन लावायची, काढायची, पुसून डबीत ठेवायची. 

एका सकाळी बायको म्हणाली, "ती गाडी थंयसून काढा. माका मिरच्यो वाळत घालूच्यो आसत." मी ताडपत्री काढली. पोर पाळण्यात जागीच होती, कानांमागे मशीन, पायाचा अंगठा धरून खेळत होती. माझ्या डोक्यात तेव्हा काही म्हणजे काही नव्हतं, फक्त बॅटरी उतरली असेल एवढंच. बटण दाबलं आणि गाडी एका झटक्यात चालू झाली. तोच कंपनीचा सायलेन्सर. तेच शिलाई मशीन.

पाळण्यात पोर दचकली. दोन्ही हात वर फेकले, ओठ काढला आणि भोकाड पसरलं.

मी सवयीने गाडी बंद केली आणि हात वर केले. "मी मुद्दाम नाही केलं!"

बायको मिरच्या भरलेलं सूप घेऊन दारात उभी राहिली होती. जिने मला गाडीसकट बाहेर काढायची धमकी दिली होती, तीच ही बाई. सूप खाली पडलं. "बंद कित्याक केल्यात?" ती किंचाळली. "चालू करा! चालू करा परत!"

मुलगी आतून धावत आली होती. "बाबा, परत एकदा."

मी बटण दाबलं. पोर आणखी जोरात रडली. रड गे बाय, रड! मी पण रडत होतो, आणि कोणाला दिसलं तर दिसू दे म्हणत होतो. मुलीने तिला पाळण्यातून उचललं, उराशी धरलं, कानापाशी तोंड नेलं आणि "कुर्र" करून तिचं नाव सांगितलं. गाडी चालू होती, तरी ते नाव मला अंगणात स्पष्ट ऐकू आलं.